ड्रम, पुली आणि जळालेली मोटर
रविवार, संध्याकाळ. हिंगणघाट.

येत्या शनिवारी नागपूरला रोबोटांची लढत, आणि आज आमच्या रोबोटचं हत्यार, तो दातेरी ड्रम, फिरवून पाहिला. संपलं सगळं, बहुतेक.

आधी मोटरला आणि ड्रमला सारख्याच पुल्या लावल्या. वेग जबरदस्त, पण यायला इतका उशीर की तोवर समोरचा रोबोट आम्हाला उलथवून टाकेल. मग ड्रमला मोठी पुली चढवली. लगेच फिरला, पण लाकडाच्या ठोकळ्यावर नुसता ओरखडा. मीच हट्टानं परत आधीची लहान पुली बसवली आणि ठोकळ्यावर आदळवत राहिले. जळक्या वार्निशचा वास आला.

"बंद कर वं, मोटर जळून राह्यली!" माझी जोडीदार पल्लवी ओरडली. बटण दाबेपर्यंत धूर.

हाताला अजून तोच वास. साबणानंही जात नाही.

मोठी मोटर घ्यावी तर रोबोट वजनात बसत नाही. वजन कमी करायला वरचा पत्रा पातळ केला तर पहिल्याच धडकेत फाटेल. पुल्यांचं गुणोत्तर चुकलं, की मोटरच पहिल्यापासून चुकीची? वर्षभर आम्ही दोघी नेमका कसला हिशेब करत होतो?

"नाव मागं घेऊ," पल्लवी म्हणाली. "शनिवारपर्यंत काई होईल असं मले नाई वाटत."

"दुसरं गुणोत्तर पाहू ना." कोणतं, ते मला तरी कुठं माहीत होतं?

ती पाना घेऊन ड्रम सोडवायला बसली. एक बोल्ट जागच्या जागीच फिरत राहिला, तेव्हा मी खाली बसले आणि पलीकडून नट धरला.