प्रभुभोजनाच्या आधी

प्रिय योगेश,

प्रभूमध्ये सलाम. अक्षर ओळखलंस ना? संडे स्कूलच्या फळ्यावर वर्षानुवर्षं पाहिलंयस. फोन करता आला असता, पण तुझ्या नंबरवर बोट ठेवायचं धाडस मला अजून होत नाही. सुप्याला कंपनीत जेवण बरं मिळतं का? तुझी आई सांगते, तू गावी येतोस तो रविवार टाळून. का टाळतोस ते मला माहीत आहे.

इकडे कारखाना सुरू झाला. रस्त्यावर पुन्हा उसाच्या ट्रॉल्या दिसतात आणि मी तोंड फिरवून उभी राहते. तुझी ढोलकी चर्चमध्ये कापडाखाली तशीच आहे. भिमाजीकाका टाळ वाजवून वेळ मारून नेतात, आणि त्यांच्या तालात अख्खी मंडळी अडखळते. माझा पंकज असता तर हसून हसून बाहेर पळाला असता. त्याला जाऊन अकरा महिने होऊन गेले. त्याचा निळा स्वेटर मी अजून धुतलेला नाही.

त्या दिवशी दिवेलागणीला तुम्ही मिरजगावहून येत होतात, गाडीवर तू पुढे, पंकज मागे. नाताळच्या गाण्यांची तालीम होती. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे साधा लाल दिवासुद्धा नव्हता. गाव म्हणालं, योगेश मोबाईलवर बोलत होता. तू ते नाकारलं नाहीस. पुढे एक अक्षरही बोलला नाहीस.

फेब्रुवारीत मी उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिले, आठवतं? प्रभूनं मला शांती दिली आहे, योगेशला मी मनापासून क्षमा केली आहे, असं भरल्या मंडळीसमोर म्हणाले. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तू ढोलकीवर हात ठेवून खाली बघत होतास. पुढच्या रविवारी तू आला नाहीस, तो आजतागायत. महिला मंडळानं तीच साक्ष मला आणखी तीन गावांत द्यायला लावली. लोक मला विचारायचे, बाई, एवढी शांती कुठून आणता? आणि घरी माझी भाकरी तव्यावर करपून जायची, मला वाससुद्धा यायचा नाही. खरं सांगते, त्या दिवसांत मी प्रार्थनेला बसायला भीत होते.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाला भागिरथी, तुझी आई, माझ्या शेजारी बसली होती. भाकर आणि द्राक्षरसाचं तबक आलं. तिनं ते न घेताच माझ्याकडे सरकवलं. उपासनेनंतर मी तिला विचारलं, तर माझा हात धरून म्हणाली, “बाई, माज्या लेकरापायी तुमचं लेकरू गेलं. म्या कंच्या तोंडानं घिऊ? धा महिनं झालं, म्या घेतच न्हाई.” आणि मी? मी दर महिन्याला बिनदिक्कत घेत होते.

घरी आले, दार लावलं आणि जमिनीवर बसून प्रभूला सगळं सांगितलं. जे त्याला आधीच ठाऊक होतं तेच, पण माझ्या तोंडून पहिल्यांदा. खूप रडले. मग भरदुपारी तिथंच झोप लागली. उठले तर पंकज नव्हताच, दुःखही होतं तेवढंच होतं, पण आतली धडधड थांबली होती. भूक लागली होती. कालवण गरम करून दोन भाकरी खाल्ल्या. त्याला आता तीन आठवडे झाले, ती शांती टिकून आहे. साक्ष देताना जी मिरवली, ती ही नव्हती.

योगेश, त्या संध्याकाळी पंकजचा मोबाईल बंद होता, म्हणून मी तुला फोन लावला. तालमीला उशीर होत होता आणि मला उशीर खपत नाही. दोनदा तू उचलला नाहीस. तिसऱ्यांदा उचललास, “बाई, आलोच,” म्हणालास, आणि मग मला फक्त आवाज आला. कुणाचा फोन होता, हे कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि तू माझ्यासाठी गप्प राहिलास. उद्या सकाळी भागिरथीकडे जाऊन हे सांगणार आहे. येत्या रविवारी प्रभुभोजनाच्या आधी मी पुन्हा साक्षीला उभी राहीन. तुला क्षमा केल्याचं जिथं सांगितलं, तिथंच उभी राहून तुझी क्षमा मागीन. तू ये किंवा येऊ नकोस, क्षमा कर किंवा करू नकोस, मी सांगणारच आहे. पण ते चारचौघांत ऐकण्याआधी तुला माझ्या हातचं मिळावं, म्हणून हे पत्र. मला माफ कर, लेकरा.

तीन वेळा फोन करणारी,
तुझीच
जयमालाबाई