लांब्याचा भाव

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मामीचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि मामी बाराही महिने. एवढ्या मोठ्या क्लबात दिवसभर खेळाडूंचे पाय चेपतेस, तर कधी घरच्या पायांकडेही बघ, असं लिहायला तिनं मला बजावलं आहे.

फोनवर मी फक्त धंदा बोलतो हे तुला ठाऊक आहे, म्हणून घरचं पत्रात. काल पेपरात वाचलं की तुमच्या फुटबॉल क्लबानं एका माणसाला नव्वद कोटींना घेतलं. मी शून्यं पुन्हा मोजली. एवढ्यात माझं आवार, शेजारचं आवार आणि मधला रस्ता जुन्या ट्रकांनी भरला असता. आणि ट्रक निदान ओझं तरी वाहतो! मी हे मोठ्यानं वाचलं तर आपला मिस्त्री म्हणाला, त्या माणसाला डिझेल किती लागतं तेवढं विचारून घ्या.

थट्टा पुरे. मी ट्रक धुण्यापासून सुरुवात केली आणि विकण्यापर्यंत आलो, पण हा सौदा मला कळत नाही. पैसे त्या माणसाला मिळतात की जुन्या क्लबला? उद्या त्याचा पाय मोडला तर बुडालं कोण? आणि भाव ठरवतो कोण?

विचारायला कारण आहे. इथल्या क्लबचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय. (सभेला उशिरा गेलो, त्याची शिक्षा.) आपल्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा आमचा खेळाडू लांब्या या हंगामात नुसता सुटलाय. हल्ली त्याच्या सामन्यांना कोट घातलेली माणसं येतात, टक लावून बघतात आणि चहा न घेता जातात. चहाला नको म्हणणारं गिऱ्हाईक माल घेणार असतं, हा माझा अनुभव आहे. उलट टपाली कळव.

तुझा,
मामा

८ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.
पत्र मिळालं, हसून पुरेवाट झाली. मामींना सांगा, मी पाय चेपत नाही, उपचार करते. आणि दिवसभर जिना चढून लांब्याला गरम अंडी पोचवणाऱ्या गुडघ्यावर माझ्याकडे उपचार नाही.

तुमचे प्रश्न मी इथे जेवणाच्या टेबलावर टाकले. भाव जुन्या क्लबला मिळतो, करार संपायच्या आत माणूस सोडल्याबद्दल. खेळाडूला पगार, तो वेगळा. पाय मोडला तर घेणाऱ्याचं नशीब. पैसेही एकदम देत नाहीत, बहुतेक वेळा हप्त्यांनी देतात. आमचे हिशेबनीस म्हणाले, नव्वद कोटी म्हणूच नका. करार पाच वर्षांचा आहे, वर्षाला अठरा म्हणा, म्हणजे झोप लागते. मात्र घरच्या मैदानावर वाढलेल्या पोराची वहीत किंमत शून्य असते. तो विकला की सगळा नफाच.

भाव कोण ठरवतो यावर मात्र टेबलावर भांडण झालं. हिशेबनीस म्हणाले प्रशिक्षक, प्रशिक्षक म्हणाले दलाल, दलाल म्हणाला बाजार. मैदानाचा माळी म्हणाला, मागच्या रविवारी कोणी गोल मारला तो.

कोटवाले आमचे की दुसऱ्यांचे, मला खरंच माहीत नाही. मामींना नमस्कार, लांब्याला शाबासकी.

तुमची,
भिंगरी

१३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. वाढवलेल्याची किंमत शून्य, हे मामीला वाचून दाखवलं. तिनं विचारलंय की तिची अंडी कोणत्या रकान्यात लिहिली जातात. उत्तर जपून दे.

तर कोटवाले तुमचेच निघाले. परवा तुमच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन आला. गोड बोलणं, आवाजात लोणी. लांब्याचं काय घ्याल, असं त्यांनी विचारलं. मी आधीच बसून हिशेब केला होता: प्रेक्षकांच्या बाकांवरचं गळकं छप्पर, लांब्याच्या जागी दुसरा तयार करायचा खर्च, वर थोडा नफा. माझ्या आवाराच्या फाटकावर काय लिहिलंय ते तू लहानपणापासून वाचतेस, भाव एकच. तसाच सांगितला, चाळीस लाख, कमीजास्त होणार नाही.

पलीकडे एकदम शांत. मग त्यांनी फोनवर हात ठेवला. पण माझे कान तुला माहीत आहेत. बंद ट्रकच्या इंजिनात काय सैल झालंय तेही मी ऐकतो. साहेब कुणाला तरी म्हणत होते की एवढ्या स्वस्तात कसा देतोय, पायात काही आहे का बघा. मग मला म्हणाले, विचार करून कळवतो. तेव्हापासून फोन नाही, आणि तुमचा खरेदीचा बाजार महिनाअखेर बंद होतो म्हणे.

जास्त मागितलं म्हणून उठून गेलेली गिऱ्हाइकं मी खूप पाहिली. कमी मागितलं म्हणून पळालेलं हे पहिलंच. हे काय गौडबंगाल आहे?

आणि लांब्या माझ्याशी बोलत नाही. आकडा त्याला समितीतल्या कोणीतरी सांगितला. जिन्यात मला अडवून त्यानं विचारलं की मामा, मी एवढाच का? मी त्याला हिशेब समजावला, छपराचा पत्रासुद्धा सांगितला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि जेवायला खाली आला नाही. त्याच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नाही, हे मलाही कळतं गं.

तुझा,
मामा

१७ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.
तुमचं पत्र वाचलं आणि आधी आमच्या साहेबांकडे गेले. समोरच्या क्लबचे अध्यक्ष माझे सख्खे मामा आहेत, असं सांगून टाकलं. त्यांनी लांब्याच्या तपासणीतून माझं नाव काढलं. त्यामुळे या सौद्यातलं मला काही कळत नाही, आणि कळलं असतं तरी लिहिलं नसतं. रागावू नका. तुम्हीही हेच केलं असतं.

जे इथला माळीही सांगेल तेवढं मात्र सांगते. इथे स्वस्तात घेतलेला माणूस राखीव म्हणून बाकावर बसतो. तो नाही चालला तरी कुणाची मान खाली जात नाही, म्हणून त्याला खेळवायची घाई कुणालाच नसते. महाग घेतला की खेळवावाच लागतो, नाहीतर ज्यानं घेतला त्याला लोक विचारतात. गेल्या वर्षी आलेला एक गुणी पोरगा अजून बाकावर आहे. त्याच्या पायांना काहीही झालेलं नाही. मी त्याच्यावर उपचार करते ते बसून बसून आखडलेल्या पाठीवर.

त्या शांततेचा अर्थ तुमचा तुम्ही लावा. तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे.

तुमची,
भिंगरी

२४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. साहेबांना जाऊन सांगितलंस ते बरं केलंस. मामी म्हणाली, पोरगी मामावर गेली. मी म्हटलं, मामीवर गेली असती तर साहेबांनाच चार गोष्टी ऐकवून आली असती.

आता ऐक. दोन दिवस आवारात फेऱ्या मारल्या. मिस्त्री विचारायला लागला की काही हरवलंय का. आयुष्यात एकदा सांगितलेला भाव मी बदलला नाही. त्यावर घर बांधलं, गिऱ्हाईक जोडलं. पण माझा शब्द ठेवायचा आणि लांब्याला बाकावर बसवायचं, हे काही गळी उतरेना. शेवटी मीच फोन केला. साहेबांना म्हणालो, आधीचा आकडा विसरा, समितीनं मला वेड्यात काढलंय. लांब्याचे तीन कोटी. तपासणी तुमच्या डॉक्टरांकडून, हवी तेवढी करा.

मला वाटलं, फोन आपटतील. पण आवाजात एकदम जान आली! अडीचवर आणायला बघत होते. मी गप्प राहिलो, तर स्वतःच तीनवर आले. काल तपासणी झाली, पाय खणखणीत. सह्या झाल्या, तीन हप्ते. लांब्या माझ्या पाया पडला आणि मग एवढ्या जोरात मिठी मारली की माझ्या चष्म्याची काडी वाकली.

खरं सांगू? जिंकल्यासारखं वाटत नाही. चाळीस लाख कुठून आले ते मी कुणालाही पटवून देऊ शकत होतो. तीन कोटी कुठून आले ते मलाच सांगता येणार नाही. तो तिकडे एकटा आहे, लक्ष ठेव.

तुझा,
मामा

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.
तुम्ही सामना ऐकलाच असेल. लांब्याला पहिल्या मिनिटापासून खेळवलं. पहिला अर्धा तास वाऱ्यासारखा पळाला. मग समोर रिकामा गोल आणि चेंडू वरून गेला. तिथून स्टेडियमचा एक कोपरा सुरू झाला. त्याच्या पायात चेंडू आला की सगळे मिळून ओरडायचे, तीन कोटी, तीन कोटी! आपलेच लोक, मामा. पाहुण्या क्लबचे तर नुसते हसत होते.

सामन्यानंतर तो माझ्या टेबलावर पाय तपासून घ्यायला आला. पायाला काही झालं नव्हतं. मग म्हणाला, मामांना एक विचार. आधी चाळीस लाख म्हणाले, मग तीन कोटी. यातलं त्यांना खरं कोणतं वाटतं? मी म्हटलं, तूच विचार ना. तर म्हणाला, फोनवर ते धंदा बोलतात.

पुढच्या शनिवारी पुन्हा सामना आहे. प्रशिक्षक त्यालाच उतरवणार आहेत. काय सांगू त्याला?

तुमची,
भिंगरी

२० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. सामना रेडिओवर ऐकला. निवेदक काय बोलत होता ते सोडून मी त्याच्या मागची गर्दी ऐकत बसलो. आकडा माझ्याच तोंडातून निघालेला, ओळखायला वेळ लागला नाही. मी इतक्या गाड्या विकल्या, पण विकलेल्या गाडीला तिचा भाव कधी कळला नाही. माणसाला कळतो, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

त्याला असं सांग. चाळीस लाख मी छपराकडे बघून सांगितले. तीन कोटी तुमच्या साहेबांकडे बघून सांगितले. त्याच्याकडे बघून मी एकही आकडा सांगितलेला नाही, कारण ते मला कोणी विचारलंच नाही. त्यानं विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्याच्याकडे असेल त्याला मी माझ्या आवारात उभा करणार नाही. त्यानं खेळावं. रिकामा गोल इथेही त्यानं दोनदा सोडला होता. तेव्हा त्याला मी काय शिव्या घातल्या ते त्याला आठवत असेल. भाव काढून एकदाही बोललो नव्हतो.

त्या शनिवारी आम्ही दोघं येतोय. तिकिटं काढून ठेव. फुकटची नकोत, आणि चांगल्या जागेची तर नकोतच. ते लोक ओरडतात त्याच कोपऱ्यातली काढ, अगदी मधोमध. मामी म्हणते, त्यांनी खुशाल आकडा ओरडावा, ती त्याला हाक मारणार आहे. मामीची हाक तुला माहीत आहे. ती जेवायला बोलावते तेव्हा चार घरांतले लोक हात धुतात.

माया आहेच, ती कळवायला नको. स्टेशनवर यायला मात्र विसरू नकोस.

तुझा,
मामा