घंटेवरचं ‘सौ.’

आबा, घंटा सापडली. आधी हे सांगते, बाकीचं मागाहून. तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, आणि मी इथं बारामतीत, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, पोरांचे पेपर बाजूला सारून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर मॅडमचं डोकं फिरलं म्हणतील, आणि गप्प बसावं तर पोटात मावत नाही.

तुमची गोष्ट तुम्हाला आठवत असेलच, हजारदा सांगितलीत. कन्हेरीच्या घरात तुम्ही चुलीपुढं भाकरी थापताय, मी ताट घेऊन बसलेय. धरणाचं पाणी जुन्या गावातल्या देवळाच्या पायरीला लागलंय, गाव उठलंय, आणि देवीला गाडीत बसवलं तर बैल शिवेवर गुडघे टेकून बसलेत, काही केल्या उठेनात. मग आई पुढं होते, मी तिच्या कडेवर, आणि देवीला म्हणते, "आई, चल आमच्यासंगं. ह्या पोरीचं जावळ तुझ्याच दारात काढीन, घंटा वाहीन." तशी गाडी फुलासारखी हलकी होते. दर खेपेला तुम्ही काहीतरी वाढवायचा. बैलांच्या डोळ्यांतलं पाणी तर मी सातवीत गेल्यावर आलं. आत्याचं मात्र एकच वाक्य असायचं: "ही आली आन ती गेली." त्यात बैल नव्हते, देवी नव्हती, म्हणून मला तेच खरं वाटायचं. आई तापानं गेली असं तुम्ही सांगत होता, पण मला ती समजूत वाटायची. माझ्या जन्मानं आई गेली, हे मी धरूनच चालले होते. शाळेत गुरुजींनी अर्ध्या वर्गाला चिकटवली तीच एक जून माझीही जन्मतारीख. त्या दिवशी तुम्ही पेढे आणायचा आणि मी ते शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. तुम्हाला वाटायचं, पोरीचा हात सढळ आहे.

पुढं मी इतिहास शिकले आणि शहाणी झाले. एम.ए.ला होते तेव्हा पाहुण्यांसमोर तुम्ही गोष्ट काढलीत आणि मी फटकन बोलले, "आबा, ह्याला काय पुरावा हाय? लोकं हसतील." तुम्ही हातातला चहा खाली ठेवलात. "बरं. न्हाय सांगत," एवढंच म्हणालात. शब्द पाळलात. शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यात, एका दुपारी एकदाच म्हणालात, "तुझी आय त्या दिशी..." आणि मी म्हटलं, "आबा, डॉक्टर यायलेत, गप पडा बरं." तुम्ही डोळे मिटून घेतलेत.

आता परवाची गंमत ऐका. वर्गात ‘इतिहासाची साधनं’ शिकवत होते. ख्रिस्ती लोकांची फार जुनी लिखाणं आहेत, धर्मग्रंथात न घेता बाहेर ठेवलेली. त्यातल्या एकात येशूचा एक शिष्य हिंदुस्थानात येतो, इथल्या एका राजाचा महाल बांधायला घेतो. चमत्कार तर पानोपानी, एक गाढवसुद्धा माणसासारखं बोलतं. राजा गेल्यावर कित्येक पिढ्या उलटून गेल्या, तेव्हा लिहिलेलं हे. विद्वान म्हणाले, भाकडकथा, असला राजाच नव्हता. आणि मग वायव्येकडं नाणी सापडायला लागली आणि त्यांवर त्याच राजाचं नाव! पुढं शिलालेख मिळाला, राजाचा काळ लावता आला, तो त्या शिष्याच्या काळाच्या जवळच निघाला. म्हणून शिष्य खरंच आला होता असं होत नाही, हे मी फळ्यावर ठळक लिहिते. पण राजा खरा. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण गाढव बोललं म्हनणाऱ्याला राजाचं नाव कसं ठावं?" मी सांगितलं, सांगणारा चमत्कार रंगवतो, पण मधे सहज जे बोलून जातो, ते तो कुठून तरी घेऊन आलेला असतो. तेच बाहेर जाऊन ताडून बघायचं. हे तोंडातून गेलं आणि मला तुमची गोष्ट आठवली. आबा, मी आईच्या कडेवर होते, ह्याला कोण चमत्कार म्हणेल? घंटा तर वाजवून बघता येते!

अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्कूटी थेट भिगवणच्या रस्त्याला. देवी जिथं आणून बसवली त्या नव्या गावठाणातल्या देवळाचा जीर्णोद्धार चाललाय, सगळ्या घंटा उतरवून ओसरीत मांडल्यात. गुरवांनी चिंच आणि राख दिली, म्हणाले, "ताई, धरणाच्या टायमाच्या हायेत ह्या, घासल्याबिगर न्हाय वाचता यायच्या." सातवी घासली आणि आधी तुमचं नाव आलं, मग आईचं, आणि खाली ‘कन्येच्या जावळाप्रीत्यर्थ’. आणि आईच्या नावाआधी ‘सौ.’ होतं. ‘कै.’ नव्हतं, ‘स्मरणार्थ’ नव्हतं. आपल्या भावकीत वर्ष सरल्याशिवाय जावळ काढत नाहीत. म्हणजे माझं वर्ष सरलं तेव्हा आई होती. तिनं मला वर्षभर तरी कडेवर खेळवलं. मी तिला मारलं नाही, आबा. पन्नाशीला आलेली बाई त्या ओसरीत मोठ्यानं हसत होती आणि रडत होती, आणि गुरव पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. मग त्यांना मी अख्खी गोष्ट सांगितली, बैलांच्या डोळ्यांतल्या पाण्यासकट.

येताना तंद्रीत स्कूटी दामटली, सोलापूरकडं बरंच पुढं गेल्यावर कळलं की बारामतीचा फाटा मागंच राहिला. आल्यावर पाव किलो पेढे घेतले. जून नाही, काही नाही. एकटीनं खाल्ले.

हे पत्र आता पेपरांच्या गठ्ठ्याखाली राहील, दुसरीकडं कुठं पाठवणार. फक्त एक सांगायचं राहिलंय. त्या दुपारी दवाखान्यात डॉक्टर येणार नव्हते, आबा. मला ती गोष्ट ऐकायची नव्हती.