घराकडे तोंड

नवापूर, शनिवार, १२ फेब्रुवारी १९८३

आज चौथीचं नागरिकशास्त्र किनाऱ्यावर घेतलं, हातात खराटे देऊन. पोरांनी जाळ्यांच्या चिंध्या, बाटल्या, सगळं उचललं. फक्त होडीजवळच्या रबरी चपलांना वळसा घालून झाडत राहिली. किनारा सगळ्यांचा, तिथे एकाचीच वस्तू कशाला, असं म्हणत मीच त्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकल्या. तशी कुसुम रडायलाच लागली.

"बाई, माज्या बापाच्या हायत त्या. दर्यातून आला का वाट चुकाया नको, म्हनून आय त्यांचं तोंड घराकडं ठेवते."

तिचा बाप पावसाआधी समुद्रात गेला तो परतलाच नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. चपला काढल्या, झटकल्या, घाईघाईने जागेवर ठेवल्या. पण कशा ठेवल्या?

आत्ता जेवताना आठवलं. तोंड शाळेकडे केलं मी. म्हणजे शाळेला लागून असलेल्या माझ्या खोलीकडे.

वेडेपणा आहे सगळा. तरी मघापासून अंगणात ओल्या चपलांची फटफट ऐकू येतेय. कुसुमची आई असेल? तिने हाक तरी मारली असती.

जाऊन त्या चपला फिरवून यायला हव्यात. पण त्यासाठी दार उघडावं लागेल.