धवलची बंदूक

३ जून
आले एकदाची नोएडात! खोली तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर, मेट्रोपासून दहा मिनिटांवर. घरमालकीण भानुमतीबाई मूळच्या नागपूरच्या. दारातच पन्हं दिलं आणि दुपारी उन्हात हिंडू नकोस म्हणून दटावलंही. ऑफिस झकास. टीम लीड शंकर हसतमुख, गौरव बडबड्या, शिवांगी जरा गप्प. जेवणाच्या सुट्टीत सगळे मोबाइलवर गोळीबाराचा खेळ खेळतात. मलाही बोलावलं. लग्नानंतरच्या आडनावामुळे कुणालाच कळलं नाही, की मार्चपर्यंत इथे काम करणारा धवल माझा धाकटा भाऊ होता.

५ जून
चहाच्या टपरीवर शिवांगीने आपणहून सांगितलं. खेळात सगळे मिळून एकट्या धवलला घेरायचे. मेला की त्याचा व्हिडिओ ग्रुपवर. मीटिंगमध्येही शंकर त्याला ‘आपला बकरा’ म्हणायचा. धवलने जीव दिला तेव्हा यांनी ग्रुपवर हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला बसले.
मी चहा संपवला आणि दोघींचे पैसे दिले.

७ जून, शनिवार
धवलचा फोन माझ्याकडेच आहे. त्याचं खातं उघडलं, नाव बदलून माझं घातलं. पाच सबमशीन गन होत्या. त्याने सर्वांत हलकी निवडलेली. नळी आखूड, मागचा दस्ता काढलेला, म्हणजे पळताना वेग मिळतो. पोरगा पळण्यासाठी बंदूक जुळवत होता.
मी मारण्यासाठी जुळवली. लांब नळी, गोळी लांबवर जावी म्हणून. जड दस्ता, धक्क्याने नेम हलू नये म्हणून. पन्नास गोळ्यांचं मॅगझिन. सायलेन्सर. सकाळ सगळी त्यातच गेली. किती दिवसांनी शीळ घालत स्वयंपाक केला.

१० जून
पहिला गौरव. नेम डोक्यावर धरला होता, पण बंदूक आपणहून खाली झुकली. गोळी डाव्या गुडघ्याला. “अरे यार, ये तो प्रो निकली!” गौरव ओरडला. सगळे हसले, मीही.

११ जून
गौरव मेट्रोच्या जिन्यावरून पडला. डाव्या गुडघ्याच्या वाटीचे तुकडे झालेत. डॉक्टर म्हणे चक्रावलेत, पडून असं होत नाही.
योगायोग असेल. नसला तर फारच उत्तम.

१३ जून
आज शंकर. मी पाठीवर नेम धरला. बंदूक वर सरकली, गळ्यापाशी थांबली. माझं बोट तिच्यावर होतं. मला काढता आलं असतं.
काढलं नाही.

१४ जून
शंकर गेला. नाश्ता करताना घशातून रक्त — हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.
मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

१६ जून
पुरे झालं. खेळ काढून टाकला. दुपारी पुन्हा फोनवर होता. बंदुकीचा एकेक भाग सुटा केला. पाणी पिऊन आले तर जशीच्या तशी जुळलेली. मॅगझिनमध्ये एकच गोळी.
शिवांगी रडत होती. म्हणाली, शेवटच्या दुपारी धवल तिच्यासमोरच बहिणीला फोन करत होता. ठेवल्यावर म्हणाला, “ताई म्हणते, मुलं चेष्टा करतातच, सहन कर.” शिवांगीला ठाऊक नाही ती ताई कोण.
मला ठाऊक आहे. तो बोलत होता आणि मी भाजी निवडत — पुरतं ऐकलंही नव्हतं —

१७ जून
फोन बंद केला. आपोआप सुरू झाला. पडद्यावर बंदूक नाही आता. फक्त मी, रिकाम्या मैदानात. मैदानाच्या मधोमध हीच खोली — हीच खिडकी —

१८ जून, सकाळ
समोर एकच खेळाडू. नाव धवल. बंदूक त्याच्या हातात. दारं लावून बसलेय. भानुमतीबाई बाहेरून हाका मारतायत.
तो चालत येतोय. घाई नाही त्याला.
लपणार नाही. त्याला लिहूनच सांगते — धवल, चूक माझी, तुझा आवाज कापत होता, मला तो ऐकू आला होता रे, तरी मी
नेम कानावर आहे. ज्या कानाला फोन लाव