टोपी फजलची, व्हायोलिन माझं

दोहा, १२ मार्च २००२

सौ. संजीवनी हिस,
अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. मुशैरिबच्या एका स्टुडिओत पार्टिशन बसवायला गेलो होतो. तिथे टेक्सासचे एक साहेब त्यांच्या मुलखातली गाणी रेकॉर्ड करत होते, त्याला कंट्री म्हणतात. त्यांचा व्हायोलिनवाला आलाच नाही. म्हटलं, मी वाजवतो. चपला काढून जमिनीवर मांडी ठोकली, व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं, तर सगळे बघतच राहिले! त्यांच्यात उभ्याने वाजवतात. शेवटी माईक खाली आणला. आता सुट्टीच्या दिवशी कुणाचंही गाणं असो, बोलावणं मलाच.

आमच्या खोलीतले जहूरभाई रजेवर निघालेत, त्यांच्याबरोबर साहेबांच्या गाण्यांची कॅसेट पाठवतोय. अप्पांना ऐकव. वाजवणं सोडून सुतारकीला लागलो म्हणून त्यांनी धरलेला अबोला आता तरी सुटू दे.

तुझा,
रामेश्वर

आटपाडी, ३ एप्रिल २००२

श्री. रामेश्वरराव यांस,
शि. सा. न. वि. वि.

रागावले की मी अशीच लिहिते. आळीभर कॅसेट मिरवली आणि तोंडावर आपटले. झाकणावर व्हायोलिन धरलेला तो मिशीवाला, टोपीवाला कोण? जाऊबाई म्हणाल्या, भावजींना कतारचं पाणी मानवलंय, चेहराच बदलला! अप्पा म्हणाले, आधी नुसता हट्टी होता, आता लबाडही झाला. मला फार लागलं हो.

लोभ असू द्या, पुढच्या खेपेला तोंडही दाखवा.
संजीवनी

दोहा, २० एप्रिल २००२

सौ. संजीवनी हिस,
अनेक आशीर्वाद.

तो फजल, आमचा ड्रमवाला. फोटोसाठी मला टोपी घालून उभं केलं, तर मी फळी खांद्यावर घेतलेला सुतारच दिसायला लागलो. म्हणून फजलला उभा केला. व्हायोलिनवर त्याला एक सूर काढता येत नाही, पण दिसतो झकास. आतलं वाजवणं माझंच, तुझी शपथ. अप्पांना एकदा तरी ऐकव गं.

रामेश्वर

आटपाडी, ११ मे २००२

चि. रामेश्वर यास,
अ. उ. आ.

मी दाढीला बसलो असताना सूनबाईने मुद्दाम टेप लावला. गालाला साबण, उठून जाता येईना. इंग्रजी काही कळलं नाही. पण कडवं संपवून मुखड्यावर येताना गज घाईने ओढतोस. लहानपणापासून ओरडतोय, सुधारणा शून्य. अर्ध्या दाढीनेच आळीत सांगून आलो, वाजवणारा आमचाच.

साहेबांना माझा नमस्कार कळव. म्हणावं, गाणं उत्तम आहे, घाई आमच्या मुलाची आहे.

तुझा,
अप्पा