बटणावरची चिकटपट्टी

गंगापूर रोड, नाशिक
रविवार

प्रिय (हा शब्द केवळ पद्धत म्हणून) योगेशदादा,

हर्षालीचा नमस्कार. तू, वहिनी आणि तुमचं बंगळुरूचं वाय-फाय तिघंही खुशाल असाल असं धरून चालते. इकडे तुझ्या बाबांचं, म्हणजे गोरक्षकाकांचं बीपी ठीक, सिंधुकाकूचा गुडघा ठीक, घरातले बल्ब ऑफलाइन. हे मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तिथे तू अंगठा दाखवतोस आणि विषय संपतो. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

दिवाळीला तू आलास, आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये घरभर स्मार्ट बल्ब लावलेस, प्रत्येक बटणावर चिकटपट्टी मारलीस, तिच्यावर ‘हात लावू नये’ असं लिहिलंस आणि गेलास. मी तेव्हाच म्हटलं होतं की बल्ब नको, स्मार्ट स्विच लाव. (मी सातपूरला कंट्रोल पॅनल बनवते. बटण हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.) तू म्हणालास, “हर्षे, तुला फ्युचर कळत नाही.” फ्युचर मला कळतं. काकूही कळते. ती तुझी आई असून तुला कळत नाही, ही खरी अडचण.

स्मार्ट बल्बची सगळी अक्कल बल्बात असते. भिंतीवरचं बटण बंद झालं की त्याची वीज जाते, आणि विजेबरोबर अक्कलही. म्हणजे ज्या घरात कोणी बटणाला हात लावणार नाही, त्या घरासाठी तो उत्तम. काकू चांदवडच्या मळ्यात वाढली. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद न करणारा माणूस तिच्या लेखी वाया गेलेला. आणि तिन्हीसांजेला ती काय करते, हे तू लहानपणापासून पाहिलंयस. हात धुते, बटण दाबते, दिवा लागला की त्याला हात जोडते.

आता तुझी व्यवस्था बघ. सूर्य मावळला की बल्ब आपोआप लागतो. काकू स्वयंपाकघरातून येते, चिकटपट्टी सोलते, सवयीने बटण दाबते. दिवा जातो. तोवर हात जोडलेले असतात. तुझी आई महिनाभर रोज अंधाराला नमस्कार करत होती, दादा.

हे तुला विनोदी वाटेल. तिला वाटलं नाही. आपल्याकडे दिवा विझला असंसुद्धा म्हणत नाहीत, मालवला म्हणतात. आणि इथे ऐन तिन्हीसांजेला तिच्याच हातून तो रोज जात होता. “पोरगं लांब हाय गं, आन् हे असं होतंय,” एवढंच ती मला म्हणाली. त्यावर तू काय केलंस? तुझ्या फोनवर बल्ब ऑफलाइन दिसला की तिला फोन करून झापलंस. रोज. “आई, कितीदा सांगू, बटणाला हात लावायचा नाही!” घर तिचं, भिंत तिची, बटण तिचं. तू तिला तिच्याच घरात पाहुणी केलीस. पाहुण्यांनाही आपण बाथरूमचं बटण दाबू देतो.

मधे इगतपुरीचे रंगनाथमामा आले होते. चहा चालू असताना हॉल एकदम जांभळा झाला, मग लाल, मग पुन्हा जांभळा. (तू ऑफिसात बसून वहिनीला अ‍ॅप दाखवत होतास, हे नंतर कळलं.) मामांनी कप खाली ठेवला. “दाजी, ढाबा काढला का काय फ्लॅटमधी?” काका त्या दिवसापासून हॉलमध्ये बॅटरी घेऊन बसायला लागले.

म्हणून गेल्या रविवारी मी मेन बंद केला, बोर्ड उघडले आणि बटणांच्या मागे स्मार्ट स्विचचे मॉड्यूल बसवले. बल्ब साधे. आता अक्कल भिंतीत आहे. काकूने बटण दाबलं तरी दिवा लागतो, काकांनी मोबाइलवरून लावला तरी लागतो, आणि तुझ्या फोनवरून काहीच होत नाही, कारण तुला मी त्यात घेतलेलं नाही. काकूने त्या संध्याकाळी बटण दाबलं, दिवा लागला, तिने हात जोडले. काम चोख झालं. तुझे बल्ब काकांच्या मोबाइलवरून तुझ्या अ‍ॅपमधून काढून टाकले आणि खोक्यात भरून माळ्यावर ठेवले आहेत.

वहिनीला नमस्कार. तुला काय द्यायचं ते वर दिलेलं आहे.

हर्षाली

ता. क. माळ्यावरच्या खोक्यात एक बल्ब कमी आहे. तो हॉलमध्ये आहे, पुन्हा तुझ्या अ‍ॅपला जोडलेला, तुझ्या चिकटपट्टीसकट. बुधवारी काकू माझ्याकडे आली आणि म्हणाली, “दिवा झ्याक लागतो गं. पण योगेशचा फोन नाय आला.” मग मी स्टूल घेऊन गेले. यावर मला तांत्रिक चर्चा नको आहे.

ता. ता. क. ती आता आधी देवघरातला दिवा लावते, हात जोडते, आणि मग हॉलमध्ये जाऊन ते एक बटण मुद्दाम बंद करते. शास्त्र सांभाळून. मग फोन मांडीवर घेऊन बसते. तू झापतोस, ती “बरं बाबा, नाय लावत हात” म्हणते, आणि तू जेवलास का ते विचारून घेते.

बल्ब चालू दिसत असतानाही एकदा फोन कर. म्हणजे मला तो काढता येईल.